जलवाहिनी प्रथिने आणि दुष्काळ : एका तरुण संशोधकास पत्र

प्रिय विद्यार्थ्यास,

सप्रेम नमस्कार.

पिकांच्या दुष्काळ-सहनशीलतेच्या अभ्यासासाठी तू पेशीपटलातील जलवाहिनी प्रथिने, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन, निवडलीस याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र ही प्रथिने वाढवली की पीक तगेल, हे तुझ्या आराखड्यातील गृहीतक मला घाईचे वाटते.

ही प्रथिने पाणी ओढत नाहीत. पाणी आपल्या विभवाच्या उताराने, म्हणजे जास्त विभवाकडून (ओल्या बाजूकडून) कमी विभवाकडे (कोरड्या बाजूकडे), जाते आणि प्रथिन त्याची वाट मोकळी करते. त्यामुळे माती फार कोरडी झाली की त्याच वाटेने मुळातले पाणी बाहेरही जाऊ शकते. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीतील असे एक प्रथिन तंबाखूच्या झाडांत वाढवल्याचा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मुळातून वाच. भरपूर पाणी असताना ती झाडे जोमाने वाढली, पण पाणी तोडल्यावर साध्या झाडांहून लवकर कोमेजली.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या प्रथिनाची चार एकके एकत्र बसतात आणि प्रत्येकाला स्वतःचे छिद्र असते. एककाचा एक लवचीक वळसा पेशीच्या आतील बाजूने त्या छिद्रावर झाकणासारखा येतो. प्रथिनातील सेरीन या अमिनो आम्लाच्या ठरावीक जागांवर फॉस्फेट जोडले गेले की वाट उघडी राहते. मुळे पाण्याखाली गुदमरून पेशीद्रव आम्लधर्मी झाला, की त्या वळशातील हिस्टिडीन हे अमिनो आम्ल प्रोटॉन घेते आणि वाट बंद होते. म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती, अर्थात ते किती सक्रिय आहे हे, कितीही काटेकोरपणे मोजलीस, तरी त्यावरून किती छिद्रे उघडी आहेत हे कळणार नाही. शिवाय अरॅबिडॉप्सिसमध्ये अशा प्रथिनांची ३५ जनुके आहेत, आणि एकाच दुष्काळात त्यांतील काही मंदावतात तर काही वाढतात. (मक्यात तर एका गटाची प्रथिने दुसऱ्या गटाच्या सोबतीवाचून बाह्य पटलापर्यंत नीट पोहोचतच नाहीत.)

म्हणून अभिव्यक्तीच्या जोडीने मुळांची जलवाहकता, म्हणजे त्यांतून पाणी किती सहज वाहते हे, दाबकक्षात (दाब देऊन मुळांतून पाणी ढकलणाऱ्या उपकरणात) प्रत्यक्ष मोज, आणि ती दिवसाच्या प्रहरानुसार बदलत असल्याने रोज एकाच वेळी मोज. पाऱ्याच्या क्षारांनी छिद्रे बंद करून पाहण्याचा मोह होईल, पण पारा पेशीतील इतरही अनेक प्रथिने बिघडवतो, त्यामुळे एवढ्याच पुराव्यावर निष्कर्ष काढू नकोस. कुंड्यांची तुलना करताना पाणी तोडल्यापासूनचे दिवस नव्हे, तर मातीतला ओलावा समान धर. कारण मोठे झाड आपली कुंडी आधीच कोरडी करते, आणि मग तो फरक प्रथिनाचा की केवळ झाडाच्या आकाराचा, हे तुला सांगता येणार नाही.

सुधारलेला आराखडा पाठव. मी तो सविस्तर वाचेन.

तुझा शुभचिंतक