वाचक विचारतात: क्रूझवरच्या संध्याकाळी काय नेसावं, काय घालावं?

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांत क्रूझच्या कपड्यांबद्दलचे प्रश्न बरेच होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मुलगा-सून आम्हा दोघांना बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझवर नेणार आहेत. कंपनीच्या पत्रात ‘दोन फॉर्मल संध्याकाळी’ असं लिहिलं आहे. ह्यांनी कधी सूट घातलेला नाही. आता सत्तरीत सूट शिवायचा का? – सातारा

अजिबात गरज नाही. चांगला शिवलेला जोधपुरी, म्हणजे बंदगळ्याचा कोट आणि त्याच कापडाची पँट, हा जगातल्या कुठल्याही जहाजावर पूर्ण फॉर्मल पोशाख धरला जातो. कडक शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या क्युनार्डसारख्या कंपनीतही डिनर जॅकेट, म्हणजे संध्याकाळच्या समारंभाचा काळा कोट, किंवा गडद सूटच्या जोडीला ‘राष्ट्रीय पोशाख’ चालतो. शेरवानीही चालते, पण तीन तास बसून जेवायला जोधपुरी सुटसुटीत पडतो.

कापड टेरीवूल घ्या. खादी आणि लिनन दिसायला सुंदर, पण बॅगेतून निघतात ते चुरगळूनच, आणि जहाजावर इस्त्री हाताशी नसते. रंग काळा, गडद निळा किंवा गडद राखाडी. शिंप्याकडे निघण्याच्या महिनाभर आधी टाका आणि ट्रायलच्या वेळी गळपट्टी लावून खुर्चीत बसून पाहायला सांगा. बंदगळ्याची तक्रार उभं असताना नसते, बसल्यावर गळपट्टी हनुवटीला टोचायला लागते तेव्हा सुरू होते. गळपट्टी आणि गळा यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. पायांत काळे बंद बूट आणि मोजे.

रेशमी कुर्ता, चुडीदार आणि वर बिनबाह्यांचं जॅकेट हा पोशाख बहुतेक जहाजांवर खपून जातो. कडक जहाजावर मात्र दारावरचा माणूस तो फॉर्मल मानेलच असं नाही. तसाच पोशाख न्यायचा असेल तर कंपनीला आधी ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर मोबाइलवर जपून ठेवा. दारात वाद घालत बसण्यापेक्षा ते दाखवणं सोपं.

दोन संध्याकाळी कुठल्या, हेही सांगतो. पहिली आणि शेवटची रात्र सहसा फॉर्मल नसते. पहिल्या दिवशी बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते आणि शेवटच्या रात्री त्या भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात. जहाज दिवसभर समुद्रात असतं, त्या दिवशी लोकांना आवरायला वेळ मिळतो, म्हणून फॉर्मल रात्र बहुधा तेव्हाच येते. कॅप्टनचं स्वागतही साधारण पहिल्या फॉर्मल संध्याकाळीच असतं. नक्की वार आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा कंपनीच्या ॲपवर दिसतो. ती पत्रिका रोज वाचा.

प्रत्येक कंपनीचे शब्द वेगळे. कुणी गाला म्हणतं, कुणी एलिगंट, कुणी शीक. यातलं कडक कोण आणि सैल कोण? – मिरज

सगळ्यांत कडक क्युनार्ड. संध्याकाळी सहानंतर तिथे रोजच नीटनेटकं असावं लागतं आणि गाला रात्री डिनर जॅकेट किंवा गडद सूट. काही गाला रात्रींना काळं-पांढरं, लाल-सोनेरी किंवा मुखवट्यांची अशी कल्पना दिलेली असते. ती ऐच्छिक असते, त्यासाठी वेगळी खरेदी करू नका. लाल काठाची साडी लाल-सोनेरी रात्रीला आपोआप बसते. ब्रिटनची पी अँड ओ तिच्या खालोखाल.

कार्निव्हलच्या जहाजांवर या रात्रीला ‘एलिगंट’ म्हणतात. तिथे टाय नसला तरी चालतो, कॉलरचा शर्ट आणि नीट पँट पुरते. सेलिब्रिटी नावाच्या कंपनीने २०१५मध्ये फॉर्मल रात्री बंद करून त्यांच्या जागी ‘इव्हिनिंग शीक’ आणली. त्यात कोट ऐच्छिक आहे. नॉर्वेजियन आणि व्हायकिंग या कंपन्यांच्या सागरी जहाजांवर फॉर्मल रात्रीची सक्तीच नाही.

बुकिंगपूर्वी हे पाहून घ्या. ज्यांना नटायची हौस आहे त्यांना सैल जहाजावर हिरमुसायला होतं आणि ज्यांना कंटाळा आहे त्यांना कडक जहाजावर दोन संध्याकाळी नकोशा होतात.

मी रोज साडीच नेसते. पैठणी न्यावी का? इस्त्री चालत नाही म्हणतात, मग निऱ्यांचं काय? – सांगली

साडी जरूर न्या. फॉर्मल रात्री काठपदराच्या साडीपुढे दुसऱ्या कुठल्या पोशाखाची गरज नाही. पण जहाजावर साडीला चार गोष्टी त्रास देतात: इस्त्रीची बंदी, वारा, जिने आणि उंबरे.

आगीच्या धोक्यामुळे घरची इस्त्री आणि कपड्यांना वाफ देणारा स्टीमर चढतानाच्या तपासणीतच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. क्युनार्ड आणि पी अँड ओच्या जहाजांवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची खोली असते, तिथे इस्त्री मिळते. इतर बऱ्याच ठिकाणी पैसे देऊन कपडे इस्त्री करून घ्यावे लागतात. जरीची साडी मात्र त्यांच्या हाती देऊ नका. जास्त तापलेली इस्त्री थेट जरीवर फिरली तर ती साडी गेलीच.

म्हणून निऱ्या घरूनच पाडून न्यायच्या. त्या संध्याकाळी जी चप्पल घालणार तीच घालून साडी नेसा. खालची कड नेहमीपेक्षा एक बोटभर वर घ्या, कारण डेकवर उघडणाऱ्या दारांना आणि कित्येक केबिनच्या न्हाणीघरांना चांगला उंच उंबरा असतो. पदराच्या चार बोटं रुंद निऱ्या पाडून खांद्यावर पिन लावा, पुढच्या निऱ्या सारख्या करून त्यांनाही वरच्या टोकाला पिन लावा. मग पिना न काढता साडी हळूच उतरवा, निऱ्यांवर सुती फडकं ठेवून उलट बाजूने मंद इस्त्री करा आणि कडेला कपड्यांचे चिमटे लावा. घडी घालताना जरीवर जरी येईल तिथे मलमलचा तुकडा ठेवा आणि साडी बॅगेत सगळ्यात वर ठेवा. खऱ्या जरीत चांदी आणि तांबं असतं. खाऱ्या, दमट हवेत ती काळवंडते, म्हणून साडी उघडी टांगून ठेवायची नाही, नेसण्याच्या दिवशीच बाहेर काढायची. घरी आल्यावर सावलीत वारा देऊन मगच कपाटात.

पिन लावताना आधी एक छोटा मणी पिनेत ओवून घ्या आणि तो वेटोळ्यापर्यंत सरकवा. रेशमाचा धागा पिनेच्या वेटोळ्यात अडकून जो फाटतो, तो मग फाटत नाही. एक पिन खांद्यावर, दुसरी पाठीमागे कमरेशी. हातावर सोडलेला पदर जेवणाच्या हॉलमध्ये छान दिसतो, पण डेकवरच्या वाऱ्यात तो कठड्यात अडकतो आणि लिफ्टच्या दारात सापडतो.

कुठली साडी न्यावी? फॉर्मल रात्रीसाठी एक मऊ रेशमी किंवा हलकी पैठणी पुरे. दुसऱ्या रात्री तीच साडी वेगळ्या ब्लाऊजवर नेसली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बाकीच्या संध्याकाळी जॉर्जेट, क्रेप आणि आपलं इरकल, त्यावर खणाचं ब्लाऊज. कडक स्टार्चची सुती साडी आणि ऑर्गंझा घरीच राहू द्या, एकदा चुरगळली की संपलं. शिवलेली नऊवारी न्यायला तर आमची पूर्ण संमती आहे. जहाज हलत असताना जिना उतरायला तिच्यासारखी साडी नाही.

गरम पाण्याची वाफ भरलेल्या न्हाणीघरात कपडे टांगले की सुरकुत्या जातात, हे जॉर्जेट, पॉलिस्टर आणि टेरीवूलच्या बाबतीत खरं आहे. रेशमावर हा प्रयोग करू नका, पाण्याचे डाग पडतात. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक पाच-सहा नेले तर कपडे टांगायला भरपूर जागा होते. कपाटातले हँगर कमी पडतात, दोन मजबूत हँगर बॅगेत असू द्या.

आणि शाल. जेवणाचा हॉल आणि नाट्यगृह दोन्हीकडे एसी जोरात असतो.

वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. फॉर्मल रात्री गणवेश आणि पदकं घालता येतील का? आणि फेटा? – अपशिंगे मिलिटरी

गणवेश नको. निवृत्तीनंतर तो ठरावीक समारंभांपुरताच घालायचा असतो आणि सहलीचं जेवण त्यात येत नाही. पदकं मात्र अभिमानाने लावावीत. संध्याकाळच्या फॉर्मल पोशाखावर मिनिएचर म्हणतात ती छोटी पदकं शोभतात. जोधपुरीवर डाव्या छातीला, सगळी एकाच पट्टीवर, मिळालेल्या दर्जाच्या क्रमाने. पट्टी घरीच तयार करून घ्या. बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

फेट्याला हरकत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये बंदी असते ती क्रिकेटच्या किंवा बेसबॉलच्या टोपीला. परंपरेचं शिरोभूषण वेगळं धरलं जातं. बांधून देणारं कुणी सोबत नसेल तर डोक्याच्या मापाचा तयार फेटा न्या आणि तो पुठ्ठ्याच्या गोल डब्यात ठेवा. आत मोजे, रुमाल भरले की त्याचा आकार बिघडत नाही.

कोल्हापुरीबद्दल एक. वडिलांना तीच आवडत असेल तरी फॉर्मल रात्री मोजडी किंवा बूट घालू द्या. कडक जहाजांवर पुरुषांच्या उघड्या चपला संध्याकाळी हॉलमध्ये चालत नाहीत. शिवाय चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या डेकवर घसरतो. ही पाय मोडायची जागा आहे, म्हणून ठासून सांगतो.

दागिने किती न्यावेत? – विटा

कमीत कमी. खोलीतली तिजोरी लहान असते. परदेशातून चढणार असाल आणि सोनं जास्त असेल तर भारतातून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून त्याची नोंद करून दाखला घ्या, म्हणजे परतताना ते नव्याने विकत घेतलेलं नाही हे दाखवता येतं. नाहीतर मोत्यांची तन्मणी, एक ठुशी आणि बांगड्या एवढ्यावर पैठणी पूर्ण सजते.

आमचा सोळा वर्षांचा मुलगा फाटक्या जीन्सशिवाय काही घालायला तयार नाही. फॉर्मल रात्री आम्ही साधेच राहिलो तर उपाशी राहायचं का? – कराड

मुळीच नाही. मुख्य हॉलमध्ये त्या रात्री नियम लागू असतो, पण बुफे सुरू असतो आणि बहुतेक कंपन्या खोलीतही जेवण देतात. क्युनार्डवरही काही जागा साध्या कपड्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या असतात. जे चालत नाही ते म्हणजे हॉलमध्ये आपलेच कपडे रेटून नेणं. हाफ पँट, बिनबाह्यांचा बनियन, पोहण्याचे कपडे, रबरी स्लिपर यांना रोजच्या साध्या संध्याकाळीही दारातूनच परत पाठवतात. मुलासाठी एक गडद पँट, एक पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट एवढंच ठेवा. कोटाचा आग्रह सोडा.

कॅरिबियनच्या सहलीला जाणार असाल तर त्याच्या बॅगेत लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाजचे कपडे नाहीत ना, तेवढं तपासा. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया अशा देशांत सामान्य नागरिकाने ते घालणं हा गुन्हा आहे. लहान मुलांच्या कपड्यांनाही सूट नाही.

मुंबई-गोवा दोन रात्रींच्या सहलीलाही हे सगळं लागतं का? – वाई

नाही. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सहली करतं. तिथलं वातावरण लग्नाच्या आदल्या संध्याकाळसारखं असतं, चांगले कुर्ते, साड्या, ड्रेस. संध्याकाळसाठी एकेक बरा जोड पुरेसा. तलावात उतरायचं असेल तर मात्र नायलॉन-लायक्राचा पोहण्याचा पोशाख घ्याच. सुती कपड्यांचे धागे सुटून गाळणीत अडकतात, म्हणून टी-शर्ट आणि सुती हाफ पँटवर पाण्यात सोडत नाहीत. अंग झाकणारे पूर्ण बाह्यांचे पोशाखही याच कापडात मिळतात, ज्यांना संकोच वाटतो त्यांनी ते घ्यावेत.

चढताना आणि उतरताना कपड्यांचं काय सांभाळायचं? – तासगाव

चढताना मोठ्या बॅगा बंदरावर हमालांकडे जातात आणि खोलीच्या दाराशी दुपारपासून रात्रीपर्यंत कधीही येतात. म्हणून औषधं, पोहण्याचे कपडे आणि त्या रात्रीच्या जेवणाचा एक जोड हातातल्या पिशवीत हवा.

उतरण्याच्या आदल्या रात्री साधारण दहा-अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरावरच दिसतात. सगळं भरायच्या घाईत सकाळचे कपडे आणि चपलाही बॅगेत जातात, आणि मग रात्रीच्या कपड्यांत उतरायची वेळ येते. बॅगेला कुलूप लावण्यापूर्वी सकाळचा पूर्ण जोड, आतल्या कपड्यांपासून चपलेपर्यंत, खुर्चीवर काढून ठेवा आणि त्यावर पासपोर्ट ठेवा.