लुगड्यावरचा डाग

प्रिय मुली,

पाळी जाऊन सात वर्षं झालेल्या त्या आजीच्या लुगड्याला लाल डाग लागतो, सून म्हणाली, ‘उष्णता झाली असन’, आणि तू गोळ्या देऊन वाटेला लावलंस. रागावत नाही. नोकरीत नवी असताना मीही एकीला रक्तवाढीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. कापूस वेचणी आटोपून ती परत आली, तोवर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पुढे गेला होता. म्हणून लिहिते आहे.

पाळी जाऊन सलग बारा महिने झाले, की त्यानंतरचा एक डागही तपासायचा. घाबरवायचं मात्र नाही. बहुतेक जणींमध्ये कॅन्सर निघत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्यामुळे योनीमार्गाची आतली कातडी पातळ, कोरडी होते आणि जरा घासली तरी रक्त येतं. कुणाला गर्भपिशवीत मस्सा असतो, कुणाचं पिशवीच्या आतलं अस्तर जाड झालेलं असतं. आपल्याकडे अंग बाहेर आलेल्या बायाही पुष्कळ. ते कपड्याला घासून जखम होते. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे का, तेही विचार. पण अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊ जणींना आधी रक्तच दिसतं. वजन जास्त, साखर, मूल न झालेलं, अशांत धोका अधिक.

खरी अडचण विचारण्यात आहे. मुलासमोर, सुनेसमोर कुणी बोलत नाही. ‘पाळी येते का?’ म्हटलं तर म्हातारी हसते. ‘कपडा घ्यावा लागतो का?’ असं एकटीला विचार. महालक्ष्म्यांच्या दिवसांत एखादी हळूच म्हणते, ‘बाई, नैवेद्याला हात लावू का जी?’ पाळी गेलेल्या बाईला हा प्रश्न का पडावा? तिथंच कान टवकार. विटाळाच्या भीतीनं लपवलेलं असं बाहेर येतं. (मला तर अर्ध्या केसेस सणांनीच दिल्या.)

ग्रामीण रुग्णालयात आतून तपासणी होऊ दे, रक्त लघवीतून की शौचातून हेही तिथंच कळेल. मग खालून सोनोग्राफी. अस्तर चार मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते; त्याहून जाड असेल किंवा रक्त पुन्हा आलं, तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. त्यासाठी सेवाग्रामचं कस्तुरबा किंवा नागपूरचं मेडिकल गाठायचं. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार सोबत असू दे.

कोरडेपणाला डॉक्टर आतून लावायचं मलम देतात. मस्सा दुर्बिणीनं काढतात. अस्तर जाड असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. पेशी बिघडलेल्या निघाल्या तर बहुधा पिशवी काढणं. कॅन्सरला ऑपरेशन, गरजेप्रमाणे शेक (रेडिएशन), केमो. ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असं कुणी पहिल्याच भेटीत म्हटलं, तर तुकडा तपासला का, हे नातेवाइकांना विचारायला सांग. मला ती घाई पटत नाही. आधी पिशवी आणि मग निदान, हे उलटं झालं.

त्या आजीकडे उद्याच जा. आठच्या आत, नंतर ती वावरात जाते. रुग्णालयात नेताना सुनेला सोबत घे, आणि परतीच्या एसटीची वेळ आधीच विचारून ठेव. संध्याकाळची गाडी चुकेल या धाकानंच बाया जायचं टाळतात.

तुझी,
ताई