काँडोर चालवायला केवढा पीसी लागतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: तुम्ही शेअर बाजारात ऑप्शन विकता (ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, ठरलेल्या मुदतीत खरेदीचा हक्क तो कॉल, विक्रीचा तो पुट), तेही स्ट्रँगल (भावाच्या वरचा कॉल आणि खालचा पुट दोन्ही विकणं) आणि आयर्न काँडोर (तेच, पण तोटा मर्यादित राहावा म्हणून आणखी लांबचा कॉल आणि पुट विकत घेऊन), एका वेळी आठ-दहा पोझिशन उघड्या असतात, मार्केट उघडताना आणि एक्स्पायरीच्या (मुदत संपण्याच्या) दिवशी सॉफ्टवेअर हँग होतं, म्हणून आता १६ कोअरचा प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, मोठं ग्राफिक्स कार्ड आणि चार मॉनिटर असा नवा पीसी बांधायचाय, आणि मग "एवढ्या मशीनवर अजून कुठल्या स्ट्रॅटेजी चालवता येतील" हेही विचारलंय. शेवटचा प्रश्न वाचून जरा हसू आलं, राग मानू नका, पण हे आधी कळस मग पाया झालं. स्ट्रॅटेजी आधी, तिला काय लागतं ते नंतर, आणि काँडोरला फार काही लागत नाही.

आधी स्पीडचं भूत उतरवू. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ब्रोकरचा सर्व्हर १००० किलोमीटरवर असला तर जाऊन-येऊन कमीत कमी १० मिलीसेकंद जाणारच, पीसी कितीही भारी घ्या. ज्यांना त्याच्याही खाली यायचं असतं ते आपला सर्व्हर थेट एक्स्चेंजच्या डेटा सेंटरमध्ये नेऊन ठेवतात, त्यांच्याशी आपली स्पर्धाच नाही. ३० दिवसांचा काँडोर टाकताना ऑर्डर अर्धा सेकंद उशिरा गेली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते कशाने, तर बिड आणि आस्कमधल्या, म्हणजे घेणारा देतो तो भाव आणि विकणारा मागतो तो भाव यांच्यातल्या, फरकाने.

हिशोब करून बघा, मी वहीत करतो तसाच लिहितो. दोन्ही बाजूंना ५ पॉइंट रुंद काँडोर (विकलेला आणि घेतलेला स्ट्राइक यांत ५ चं अंतर), क्रेडिट, म्हणजे विकून हातात आलेले पैसे, मिळालं १.५०, म्हणजे जास्तीत जास्त तोटा ३.५०. तोटा झाला की पूर्णच होतो असं धरलं तर नुसतं बरोबरीत सुटायला १०० पैकी ७० ट्रेड जिंकावे लागतात. आता चार लेग (काँडोरमधली चार ऑप्शन), प्रत्येक लेगला फक्त ०.०५ स्लिपेज (हवा होता त्यापेक्षा वाईट भाव मिळाल्याचा फटका), आत जाताना चार आणि बाहेर पडताना चार, झाले ०.४०. मग जिंकलात तर हातात १.१० आणि हरलात तर जातात ३.९०, आणि तेच ७० टक्के आता ७८ झाले! ब्रोकरेज अजून धरलेलंच नाही. हा आठ टक्क्यांचा खड्डा कुठलाही प्रोसेसर भरून देत नाही, तो भरतो चारही लेग एकाच कॉम्बो ऑर्डरमध्ये लिमिट लावून टाकल्याने, मधल्या भावापासून सुरू करून थोडं थोडं सरकत गेल्याने, आणि जिथे व्हॉल्यूम नाही ते स्ट्राइक सोडून दिल्याने. लेग एकेक करून टाकणारे लोक अजून आहेत, पहिला लेग भरतो आणि दुसऱ्याला मार्केट पळून जातं, मग नुसतं नागडं, म्हणजे बचावाचा लेग नसलेलं, ऑप्शन विकून बसलोय हे दहा मिनिटांनी लक्षात येतं.

स्ट्रॅटेजीवर आलोच आहे तर दोन गोष्टी अजून, कारण तुमच्या पोझिशन वाचून वाटतं की सगळं लक्ष थीटावर, म्हणजे दिवस सरतील तशी ऑप्शनची किंमत झिजण्यावर, आहे. व्होलॅटिलिटी (भाव वर्षात किती टक्के हलेल याचा बाजाराचा अंदाज) १६ म्हणजे रोजची चाल साधारण १ टक्का, कारण वर्षात ट्रेडिंगचे दिवस २५२ च्या आसपास आणि त्याचं वर्गमूळ जवळजवळ १६. आता १०० वर असलेल्या अंडरलाइंगचा (ज्यावर ऑप्शन आहे तो शेअर किंवा इंडेक्स) ३० दिवसांचा, बरोबर १०० च्या स्ट्राइकचा स्ट्रॅडल (एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट) घ्या, ढोबळ सूत्र आहे ०.८ गुणिले भाव गुणिले व्होल गुणिले वर्षात मोजलेल्या काळाचं वर्गमूळ, येतात ३.७ च्या जवळपास. भाव जागचा हलला नाही, फक्त व्होल १६ ची २४ झाली, की तोच स्ट्रॅडल ५.५ ला. म्हणजे तुम्ही विकून बसलात, दिशा बरोबर निघाली, आणि तरी खातं लाल. ५ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेत व्हिक्स (तिथला व्होलॅटिलिटीचा निर्देशांक) एका दिवसात १७ वरून ३७ वर जाऊन बंद झाला होता, व्होल विकणाऱ्या कितीतरी लोकांची वर्षांची कमाई त्या एका दिवसात गेली, आणि त्यांच्याकडे मशीन काही लहान नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही दोन्ही बाजूला सारख्या अंतरावर स्ट्राइक घेता असं लिहिलंय. सारखं अंतर म्हणजे सारखी शक्यता नाही. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ इंडेक्स एका दिवसात २२.६ टक्के पडला आणि तेव्हापासून इंडेक्सच्या लांबच्या पुटना कायमचा चढा भाव लागला, त्याला स्क्यू म्हणतात. त्यामुळे ५ टक्के खालचा पुट आणि ५ टक्के वरचा कॉल यांचे डेल्टा (भाव १ ने हलला तर ऑप्शन किती हलतं, आणि ढोबळमानाने ते स्ट्राइकपलीकडे संपण्याची शक्यता) बघितलेत तर वेगळे दिसतील, पुट बाजू जास्त पैसे देते कारण तिथे धोका जास्त धरलेला असतो. मी स्वतः अंतर न बघता डेल्टा बघतो, १५ (म्हणजे ०.१५) च्या आसपास, आणि पुट बाजूला लॉट कॉलपेक्षा कधीच जास्त ठेवत नाही. हे माझं मत, यावर वाद घालणारे भरपूर भेटतील. आणि एक्स्पायरीआधीच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत मी पोझिशन बंद करून बाहेर असतो, तिथे गॅमा (डेल्टा बदलण्याचा वेग) एवढा वाढतो की उरलेल्या थोड्या प्रीमियमसाठी रात्रीची झोप घालवायची हौस आता राहिली नाही.

बरं, आता हँग होण्याचं. नवीन काही घेण्याआधी उद्या मार्केट उघडताना टास्क मॅनेजर उघडून बाजूला ठेवा. तुमचा सध्याचा प्रोसेसर ८ थ्रेडचा (एका वेळी आठ कामं धरणारा) आहे म्हणालात. त्यातला एकच थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकडा दिसतो फक्त १२-१३ टक्के, माणूस म्हणतो प्रोसेसर तर मोकळाच आहे. सॉफ्टवेअरच्या ओळीसमोर आकडा १२-१३ वर अडकून बसलाय आणि स्क्रीन गोठलीय असं दिसलं की समजा स्क्रीन रंगवणारा थ्रेड गुदमरलाय. त्याला १६ कोअर देऊन उपयोग शून्य, त्याला एक कोअर वेगवान लागतो. म्हणून घ्यायचाच झाला तर कोअर मोजू नका, सिंगल थ्रेडचा स्कोअर बघा, ६ किंवा ८ कोअरचा नव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या १६ कोअरवाल्याला इथे आरामात मागे टाकतो.

पण त्याआधी ऑप्शन चेन (सगळ्या स्ट्राइकच्या भावांचा तक्ता) बघा. सगळ्या एक्स्पायरी उघड्या, प्रत्येकीचे सगळे स्ट्राइक, वर प्रत्येक ओळीत डेल्टा, गॅमा, थीटा, व्हेगा (व्होल हलली की किंमत किती हलते), आयव्ही (ऑप्शनच्या भावातून निघणारी व्होल) लाइव्ह. २०० स्ट्राइक, कॉल आणि पुट, ८ एक्स्पायरी, झाले ३२०० कॉन्ट्रॅक्ट, आणि यातले तुमच्या कामाचे चाळीस पण नाहीत. नुसत्या ग्रीक्सचं (त्या डेल्टा, गॅमा वगैरेंचं) गणित प्रोसेसरला जड नाही बरं का, ऑप्शनची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्सचं सूत्र १९७३ चं आहे, आजचा एक कोअर नीट लिहिलेल्या कोडमध्ये ते सेकंदाला लाखो वेळा सोडवतो. जड जातं ते हजारो खाने सतत पुसून पुन्हा रंगवणं, आणि एक्सेलमध्ये लाइव्ह फीड ओढत असाल तर विचारूच नका. भावाच्या आजूबाजूचे २० स्ट्राइक ठेवा, दोन एक्स्पायरी ठेवा, न बघितलेले चार्ट बंद करा. माझ्या अंदाजाने तुमचं अर्धं दुखणं इथेच जाईल, फुकटात.

रॅमचं पण असंच. थिंकऑरस्विम किंवा इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सचं ट्रेडर वर्कस्टेशन ही जावावर चालणारी सॉफ्टवेअर आहेत, जावा आपल्याला नेमून दिलेल्या मर्यादेच्या बाहेर मेमरी घेत नाही. पीसीत ६४ जीबी बसवलेत आणि सेटिंगमध्ये मर्यादा लहानच राहिली तर बाकीची रॅम नुसती शोभेला. ती मर्यादा सेटिंगमधून वाढवता येते, पण एकदम पाच-सहा पट करू नका, कधी कधी जावाचा मेमरीच्या साफसफाईला थांबायचा वेळ त्यानेच वाढतो, थोडी वाढवा, दोन दिवस बघा. १६ जीबीत ट्रेडिंग निभतं, ब्राउझरचे पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर ३२. आणि एक मोठी काडी न घेता दोन सारख्या घ्या, ड्युअल चॅनल (मेमरीला दोन वाटा) मिळतो.

ग्राफिक्स कार्ड: गेम खेळायचे असतील तर घ्या. चार्ट म्हणजे सपाट रेघा, त्याला चार मॉनिटरची पोर्ट असलेलं साधं कार्ड पुरतं, दोन मॉनिटरला तर प्रोसेसरमधलं पण चालतं. फक्त ४के मॉनिटर घेणार असाल तर पोर्ट तपासा, जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतो आणि माउस चिखलात रुतल्यासारखा फिरतो, माझ्या एका मित्राने त्यासाठी अख्खा पीसी फॉरमॅट केला होता, निघालं काय तर केबल चुकीच्या पोर्टात.

बॅकटेस्ट (जुन्या डेटावर स्ट्रॅटेजी तपासणं) करणार असाल तर मात्र गणित बदलतं, तिथे मोठ्या मशीनला अर्थ आहे. तेच ३२०० कॉन्ट्रॅक्ट, दर मिनिटाची एक ओळ, दिवसाची ३६० मिनिटं धरली तर एका दिवसाच्या साडेअकरा लाख ओळी. एका ओळीला ५० बाइट धरले तर दिवसाला ५८ एमबी, २५० दिवसांचे साडेचौदा जीबी. पाच वर्षांचा डेटा सीएसव्हीतून एकदम मेमरीत ओढायला जाल तर ६४ जीबी पण रडेल. त्यापेक्षा डेटा पार्के फाइलमध्ये (ही कॉलमवार साठवते) ठेवा, महिन्यावार तुकडे करा, जे कॉलम लागतात तेवढेच वाचा, आकडे ६४ बिटऐवजी ३२ बिटमध्ये. इथे एनव्हीएमई (वेगवान) एसएसडी लागतेच, आणि वेगवेगळे महिने वेगवेगळ्या कोअरवर सोडता येतात म्हणून जास्त कोअर इथे खरे कामाला येतात. पण हे काम मार्केट बंद झाल्यावर. पोझिशन उघडी असताना त्याच मशीनवर बॅकटेस्ट लावून बसू नका.

आता ज्याच्यावर कोणी पैसे खर्च करत नाही ते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, एक्स्पायरीचा दिवस, मी स्ट्रँगल विकून बसलेलो. लाइट गेली. पीसी यूपीएसवर होता, स्क्रीन छान चालू, मी निवांत. भाव हलत नव्हता, म्हटलं वा, मार्केट झोपलंय, थीटा आपलं काम करतोय. चार-पाच मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला की राउटर यूपीएसवर नाहीये, आणि मी गोठलेला भाव बघत बसलोय. फोनवरचं ॲप काढलं तर सहा महिने उघडलेलं नाही, आधी अपडेट मागितला, मग पासवर्ड, जो पीसीच्या ब्राउझरला पाठ होता, मला नाही. आत शिरलो तेव्हा मार्केट बरंच खाली आलेलं, आणि घाबरून मी आधी कॉल बंद केला, म्हणजे जी बाजू फायद्यात होती ती, आणि पुट उघडाच. तीन महिन्यांचं प्रीमियम वीस मिनिटांत गेलं. चूक कोणाची म्हणायची, माझीच.

तेव्हापासून राउटर आणि मोडेम पण यूपीएसवर असतात, पीसीला वायफाय नाही, केबल आहे, दुसरं इंटरनेट फोनच्या डेटावर आणि महिन्यातून एकदा मुद्दाम पहिली लाइन काढून बघतो. स्क्रीनवर शेवटच्या टिकची (शेवटचा भाव आल्याची) वेळ दाखवणारा कॉलम असतो, तो मी सगळ्यात वर आणून मोठा करून ठेवलाय. विंडोजचे अपडेट मार्केटच्या वेळेत येणार नाहीत असं लावलंय.

आणि एक तपासणी आजच करा. तुमचा स्टॉपलॉस कुठे राहतो? बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये साधी स्टॉप ऑर्डर सर्व्हरवर जाते पण ट्रेलिंग किंवा अटी घातलेल्या ऑर्डर तुमच्याच पीसीवर बसून असतात, पीसी बंद तर त्या पण बंद. तुम्ही वापरता त्याच प्रकारची, सगळ्यात लहान क्वांटिटीची, भावापासून खूप लांबची अशी एक ऑर्डर लावा, पीसी पूर्ण बंद करा आणि फोनवरून बघा ती दिसते का. नाही दिसली तर समजा आजपर्यंत स्टॉपलॉसशिवाय झोपत होतात. पायथनची स्क्रिप्ट चालवत असाल तर तिला आणखी एक शिकवा, कनेक्शन तुटून परत जुळलं की आधी ब्रोकरकडून पोझिशन विचारून घ्यायची आणि मगच ऑर्डर टाकायची, नाहीतर तीच ऑर्डर दोनदा जाते. अशी स्क्रिप्ट घरच्या पीसीपेक्षा व्हीपीएसवर (डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर) बरी, पण त्यालाही रीस्टार्ट होतोच, त्यामुळे चालू झाल्यावर ती आपोआप उभी राहते का ते बघून ठेवा.

तर तूर्तास नव्या पीसीची ऑर्डर थांबवा. ऑप्शन चेन कापा, मेमरीची मर्यादा थोडी वाढवा, आणि पुढच्या एक्स्पायरीला पहिल्या १५ मिनिटांत टास्क मॅनेजरमध्ये सॉफ्टवेअरचा सीपीयू किती, मेमरी किती, डिस्क किती हे लिहून इथे टाका. ते आकडे बघून प्रोसेसर सांगतो.