अक्षर एकच बदललं, मग आजार दोन का?

प्रश्न : सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया, दोन्ही एकाच जनुकातलं एखादं अक्षर बदलल्याने होतात असं वाचलं. मग सिकलसेलमध्ये वेगळं हिमोग्लोबिन बनतं आणि थॅलेसेमियात ते पुरेसं बनतच नाही, हे कसं? (एक शिक्षिका, नंदुरबार)

उत्तर : बदल कुठे पडला, त्यावर ते ठरतं. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांचं बनतं. त्यातल्या बीटा साखळीचं (बीटा ग्लोबिनचं) जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे, साधारण १,६०० अक्षरांचं (डीएनएची अक्षरं चारच : ए, टी, जी, सी). केंद्रकात आधी त्याची आरएनए प्रत निघते. तिच्यात कामाचे ३ तुकडे (एक्झॉन) असतात आणि त्यांच्या मधे कापून टाकायचे २ तुकडे (इंट्रॉन). इंट्रॉन कापून एक्झॉन जोडले की एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी वाचायची प्रत, तयार. केंद्रकाबाहेर रायबोसोम (पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र) तो तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि टीआरएनएने आणलेली अमिनो आम्लं एकेक करून साखळीत ओवतो. पुरी साखळी १४६ आम्लांची.

सिकलसेलचा बदल पहिल्याच एक्झॉनमध्ये आहे : जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी. कापणी-जोडणी नीट होते, वाचनही शेवटपर्यंत होतं. फक्त ६व्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ग्लुटॅमिक आम्लावर विद्युतभार असतो, व्हॅलिन मात्र पाणी टाळतं. त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा बदल पहिल्या इंट्रॉनच्या ५व्या अक्षरात आहे, जीच्या जागी सी. हे अक्षर तर कापूनच टाकलं जातं, मग त्याने काय बिघडतं? मुलांना शिकवताना इथे जरूर थांबा. कुठे कापायचं त्याची खूण इंट्रॉनच्या या सुरुवातीच्या अक्षरांतच असते. ती पुसट झाली की बहुतेक प्रती आसपास भलत्याच जागी कापल्या जातात आणि निकामी ठरतात. बरोबर कापलेल्या थोड्याच उरतात, म्हणून बीटा साखळी कमी पडते. अल्फा साखळी मात्र नेहमीसारखी बनत राहते. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्यांचा पेशीत साका बसतो आणि लाल पेशी अस्थिमज्जेतच मरतात.

आपल्या भागासाठी एक महत्त्वाचं. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी (रक्त द्रावणात विरघळतं का ते पाहणारी) थॅलेसेमियाचा वाहक, म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडलेली व्यक्ती, दाखवत नाही. त्यासाठी एचपीएलसी (रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणारी चाचणी) करून हिमोग्लोबिन ए२ हा एरवी थोडाच असणारा प्रकार पाहतात. वाहकात ते सहसा ३.५ टक्क्यांच्या वर असतं. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खाली येऊन वाहक निसटू शकतो. आई सिकलसेलची वाहक आणि वडील थॅलेसेमियाचे, किंवा उलट, असं असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून दोघांचीही एचपीएलसी करून घ्यावी.