आधी शेपूट, चेहरा नंतर

घरी बनवलेल्या रोबोटला भाव दाखवता यावेत म्हणून भुवया, ओठ, डोळे असं सगळं एकदम करायचा बेत असेल, तर तो तूर्त गुंडाळून ठेवा. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात एका साध्या चाकांच्या रोबोटला कुत्र्यासारखी शेपूट बसवून पाहिली होती. नुसत्या तिच्या हालचालीवरून लोक त्याचा मूड ओळखू शकले. तुम्हालाही एवढं पुरे.

आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि २ छोटे सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरी) घ्या. एक वर-खाली करायला, दुसरा डावीकडे-उजवीकडे. भाव तीनच ठेवा. खूश: शेपूट वर, मोठे झोके. बॅटरी उतरली: खाली, अगदी संथ. घाबरला: खाली आणि गच्च स्थिर.

नवखे हमखास अडकतात ते इथे:

- सर्व्होला बोर्डाच्याच ५ व्होल्ट पिनवरून वीज देतात. शेपूट हलली की बोर्ड रीसेट! पुरवठा वेगळा द्या, ग्राउंड (ऋण बाजूची तार) मात्र एकत्र जोडा.
- एका कोनातून दुसऱ्या कोनात झटका. सुरुवात आणि शेवट हळू करा, नाहीतर गाडीचा वायपर वाटतो.
- शेपूट सतत हलती ठेवतात. मग कुणी लक्षच देत नाही.
- कुत्रा आणि मांजर यांची सरमिसळ. मांजर शेपूट आपटतं ते वैतागून! (जपानच्या पारो रोबोटला सील या समुद्री प्राण्याचं रूप दिलं ते उगाच नाही, सील कुणी पाळलेला नसतो, त्यामुळे खऱ्याशी तुलनाही होत नाही.)

कान, आवाज, कॅमेरा पुढे बघू. आधी घरातल्या कुणाला तरी काहीही न सांगता शेपूट दाखवा आणि विचारा, 'याला काय झालंय?'