प्रश्न-उत्तर : जर्मन पायलटला घाबरवायचं कसं?

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर शनिवारी रात्री कॉल ऑफ कथुलू हा भयकथेचा रोल-प्लेइंग खेळ खेळतो. आता कीपरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, १९२३ चं जर्मनी घेतलंय आणि मला महायुद्धातला पायलट करायचाय, ‘रेड बॅरन’ रिश्टहोफेनसारखा. पण सगळे म्हणतात असा माणूस कशालाच घाबरणार नाही, मग हॉररमध्ये त्याचा उपयोग काय? शिवाय कीपर विमान द्यायला तयार नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : विमानाच्या बाबतीत कीपरचं बरोबर आहे हो. व्हर्सायच्या तहाने १९१९ मध्ये जर्मनीला हवाई दल ठेवायलाच बंदी केली, त्यामुळे तुमच्या माणसाकडे विमान नाही, नोकरी नाही, आणि १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, म्हणजे गाठीला काही असलंच तरी त्याचा कागद झालाय. पण हेच तर त्याचं दुःख आहे, ते सोडू नका.

आता रिश्टहोफेन. ८० विमानं पाडलेला माणूस, १९१८ च्या एप्रिलमध्ये गेला. त्याची कॉपी केलीत तर टेबलावर हिरो येईल, माणूस येणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. त्यापेक्षा दोन सीटच्या टेहळणी विमानाचा पायलट घ्या, पुढे हा आणि याच्या पाठीशी कॅमेरा घेऊन बसलेला निरीक्षक. जर्मन लोक पायलटला एमिल म्हणायचे आणि निरीक्षकाला फ्रान्त्स, त्यावरूनच वाट चुकण्याला जर्मनमध्ये फेरफ्रान्त्सन म्हणतात. इंजिनाच्या आवाजात बोललेलं काही ऐकू यायचं नाही म्हणून मागचा माणूस खांद्यावर थाप मारून खुणावायचा. युद्धाच्या शेवटीशेवटी आलेली काही विमानं ६ हजार मीटरच्या वर जायची, तिथे हवा इतकी विरळ की ऑक्सिजन कमी पडला तर डोकं चालत नाही, नसलेलं दिसतं. आता तुमच्या पायलटची गोष्ट अशी करा : एके दिवशी वरून खाली जमिनीवर जे दिसलं ते खरं होतं की हवेचा खेळ, हे याला स्वतःलाच कळलेलं नाही. फ्रान्त्स परत आला नाही. त्याने काढलेली फोटोची एक काचेची प्लेट मात्र याच्याकडे आहे, कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली, आणि हा ती उजेडात धरत नाही.

बघा, आता हा गोळीला घाबरत नाही, पण मागून कुणी खांद्याला हात लावला की याचं काय होत असेल?

आणि उडायचंच असेल तर जागा आहे की! जर्मनीतल्या र्‍होन डोंगरातल्या वासरकुपे शिखरावर १९२० पासून ग्लायडरच्या स्पर्धा भरायच्या, कारण बिनइंजिनाच्या विमानाला बंदी नव्हती, तिथे बरेच जुने पायलट जायचे. कीपरला सांगा, एकच सीट असलेलं ग्लायडर द्या, इंजिन नाही, नुसता वारा, आणि वर गेल्यावर खांद्यावर थाप. मी कीपर असतो तर तिथे कसलाही राक्षस आणला नसता.

आकड्यांचं थोडक्यात. विमान चालवायचं स्किल मुळात १ टक्का असतं ते ६०-७० पर्यंत न्या, फोटोग्राफी आणि दिशा ओळखणं चांगलं ठेवा, ऐकण्याचं स्किल वाढवू नका, इंजिनाशेजारी वर्षं काढलेला माणूस आहे. सॅनिटी, म्हणजे मनाच्या तोलाचे गुण, सुरुवातीलाच कमी मागून घेऊ नका, तो वेडा नाहीये, नीट दाढी करून वेळेवर येणारा माणूस आहे. खेळाच्या सातव्या आवृत्तीत एका फटक्यात ५ किंवा जास्त सॅनिटी गेली की बुद्धीचा रोल टाकतात, म्हणजे फासे फेकून बघतात, आणि तो जमला तर तात्पुरतं वेड लागतं, फसला तर मन ती गोष्ट दाबून टाकतं. म्हणजे समजणाऱ्यालाच त्रास. म्हणून याची बुद्धी भरपूर ठेवा, आणि ती प्लेट उजेडात कधी धरायची हे कीपरला ठरवू देऊ नका, ते तुम्ही ठरवा.