दारापासूनची वेळ कमी झाली, पण पेशंटला फायदा झाला का?

तुम्ही विचारलंय, की हार्ट अटॅकचा पेशंट कॅज्युअल्टीत आल्यापासून बंद रक्तवाहिनी उघडणारा बलून फुगवेपर्यंतची वेळ तुमच्याकडे ११० मिनिटांवरून ७५ वर आली, तर पेशंटना फायदा झाला असं म्हणता येईल का? माझ्या मते अजून नाही. काम मात्र मोठं केलंत. रात्री दोन वाजता कॅथलॅबची (जिथे ही अँजिओप्लास्टी होते) टीम जमवणं काय असतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

अमेरिकेत हेच देशभर झालं. तिथल्या ५१५ हॉस्पिटलांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१३ साली आला. चार वर्षांत ही वेळ ८३ मिनिटांवरून ६७ वर आली होती. हॉस्पिटलातले मृत्यू मात्र, पेशंटची जोखीम हिशोबात धरूनही, ५ टक्क्यांवरून ४.७, म्हणजे जवळपास तिथेच.

असं का? एक तर रक्तवाहिनी बंद होते ती घरी. छातीत दुखतंय ते ॲसिडिटी समजून माणूस सोडा घेतो, मग फॅमिली डॉक्टर, मग ईसीजी, मग गाडीची शोधाशोध. यात तीन तास गेले असतील, तर दारानंतर वाचलेली सोळा मिनिटं हृदयाच्या स्नायूला फार काही देत नाहीत. दुसरं, पेशंटच बदलतात. पूर्वी कॅथलॅबपर्यंत न पोचणारे अत्यवस्थ पेशंट आता पोचतात आणि त्यातले काही दगावतात. नंतरच्या विश्लेषणात हेच सुचवलं गेलं: एकेका पेशंटपुरतं पाहिलं तर कमी वेळ म्हणजे कमी धोका, पण सगळ्यांची सरासरी ते दाखवत नाही. म्हणून वेळ कमी करणं व्यर्थ, असा अर्थ कृपया काढू नका.

तुम्ही केसपेपरवर दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहायला लावा. खरं घड्याळ तिथून सुरू होतं. दुसरीकडे पाठवलेले, पैशाअभावी घरी नेलेले, टेबलावर जाण्याआधीच गेलेले, हे सगळे यादीत हवेतच. नेमके तेच गळतात आणि आकडा सुंदर दिसतो. वर्षाला शंभर पेशंट असतील, तर पाचऐवजी चार मृत्यू हा निव्वळ योगायोगही असू शकतो. त्यामुळे आधीची दोन-तीन वर्षं महिनावार मांडा. वेळ आधीपासूनच उतरत होती का, तेही कळेल. त्याच रात्री कॅज्युअल्टीतला स्ट्रोकचा किंवा अपघाताचा पेशंट किती ताटकळला, तेही बघा.

आणि तिसाव्या दिवशी प्रत्येक घरी फोन करा, पेशंट कसा आहे ते विचारा. हे काम एका सिस्टरना नेमून द्या, ड्युटीत वेळ देऊन.